ठिपकीची चानकी

अनसाकाकूच्या धान्याच्या कणगीमागे एक उंदरी राहायची. तिचं नाव ठिपकी. केवढी होती ठिपकी? चिंचेएवढी. नाही, नाही, चिंच मोठी झाली. चिंचोक्याएवढी.

त्या दिवशी होता पोळा. बैलांचा सण. काकूच्या गुलब्या बैलाला आंघोळ झाली. शिंगांना तेल झालं. गळ्यात हार, शिंगांवर गोंडे. आणि पुढ्यात पुरणपोळ्या. किती? पाच!

पोळ्या झाल्या, थोडी कणीक उरली. थोडं पुरण उरलं. काकूने लाटली एक इवलीशी पोळी. तिला म्हणायचं चानकी. दर सणाला चानकी ठिपकीची. काकूने ती ओट्यावर ठेवली, ठिपकीला हाक मारली.

ठिपकी आली तुरुतुरु तुरुतुरु.

पण तिच्या आधी आली एक जीभ. लांब, गुलाबी, खरखरीत जीभ. लप्प! चानकी गेली. गुलब्याने खाल्ली.

ठिपकी बघतच राहिली. पाच त्याच्या, आणि सहावी माझीसुद्धा? तिच्या मिशा थरथरल्या. शेपूट ताठ झालं. गेली काकूकडे तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू, गुलब्याला पोळी. मला नाही. दुसरी चानकी दे."

काकू म्हणाली, "डाळ आहे, गूळ आहे, पुरण संपलं बघ. पाटा पुरण वाटेल, तर चानकी लाटीन."

ठिपकी गेली पाट्याकडे तुरुतुरु तुरुतुरु.

"पाटेदादा, पाटेदादा, पुरण वाटा.
पुरण काकूला. काकू लाटेल चानकी.
चानकी खाईन मी."

पाटा म्हणाला, खर्र खर्र, "मी नाही वाटत जा. गुलब्याला हार. मला नाही. सकाळपासून मी राबतोय, मिरवतोय तो. आधी एक फूल आण, मग पुरण वाटीन."

ठिपकीने वळून पाहिलं. गुलब्या दारात उभा. रवंथ करतोय, चर्वक चर्वक. ठिपकी जळफळली. गेली झेंडूकडे तुरुतुरु तुरुतुरु.

"झेंडूभाऊ, झेंडूभाऊ, फूल द्या.
फूल पाट्याला. पाटा वाटेल पुरण.
पुरण काकूला. काकू लाटेल चानकी.
चानकी खाईन मी."

झेंडू म्हणाला, डुल डुल, "मी नाही देत जा. गुलब्याला आंघोळ. मला नाही. वर माझीच फुलं त्याच्या गळ्यात. आधी पाणी आण, मग फूल देईन."

ठिपकीने वळून पाहिलं. गुलब्या दारात उभा. रवंथ करतोय, चर्वक चर्वक. ठिपकी जळफळली. गेली विहिरीच्या रहाटाकडे तुरुतुरु तुरुतुरु.

"रहाटआजोबा, रहाटआजोबा, पाणी द्या.
पाणी झेंडूला. झेंडू देईल फूल.
फूल पाट्याला. पाटा वाटेल पुरण.
पुरण काकूला. काकू लाटेल चानकी.
चानकी खाईन मी."

रहाट म्हणाला, कुर्र कुर्र, "मी नाही फिरत जा. गुलब्याच्या शिंगांना तेल. मला नाही. माझे सांधे दुखतात, ते कुणाला दिसतात का? आधी तेल आण, मग पाणी देईन."

ठिपकीने वळून पाहिलं. गुलब्या दारात उभा. रवंथ करतोय, चर्वक चर्वक. ठिपकी जळफळली. गेली तेलाच्या बुधलीकडे तुरुतुरु तुरुतुरु.

"बुधलीमावशी, बुधलीमावशी, तेल द्या.
तेल रहाटाला. रहाट देईल पाणी.
पाणी झेंडूला. झेंडू देईल फूल.
फूल पाट्याला. पाटा वाटेल पुरण.
पुरण काकूला. काकू लाटेल चानकी.
चानकी खाईन मी."

बुधली म्हणाली, डुबुक डुबुक, "मी नाही देत जा. गुलब्याला गोंडे. मला नाही. एवढी बारीक माझी मान, अन् बघ कशी ओकीबोकी. आधी गोंडा आण, मग तेल देईन."

आता कुठे जायचं? गोंडे तर गुलब्याच्या शिंगांवर. ठिपकी हळूहळू गेली. तुरु... तुरु... तुरु. एवढा मोठा गुलब्या! त्याचं नाकच तिच्या घराएवढं. नाही, थोडं मोठंच. पण पोटात भूक होती, आणि मनात राग होता.

"गुलब्या, गुलब्या, गोंडा दे.
गोंडा बुधलीला. बुधली देईल तेल.
तेल रहाटाला. रहाट देईल पाणी.
पाणी झेंडूला. झेंडू देईल फूल.
फूल पाट्याला. पाटा वाटेल पुरण.
पुरण काकूला. काकू लाटेल चानकी.
चानकी खाईन मी. माझी तू खाल्लीस."

गुलब्याचं रवंथ थांबलं.

"ती तुझी होती?"

"माझी होती."

"आज पोळा ना," गुलब्या म्हणाला. "मला वाटलं, आज सगळ्या पोळ्या बैलांच्या."

मग त्याने मान खाली घातली. खाली, खाली, पार जमिनीपर्यंत. "घे गोंडा. सगळ्यांना माझा हार हवा, माझं तेल हवं. उद्या गाडी ओढायची आहे. ती कुणीच मागत नाही."

ठिपकीने गाडीकडे पाहिलं. गाडी फार मोठी होती. ठिपकीने गोंडा तोंडात धरला आणि पळाली.

गोंडा बुधलीला. बुधलीने दिलं तेल, टप टप.
तेल रहाटाला. शेपटीने लावलं, सळ सळ. रहाटाने दिलं पाणी, धो धो.
पाणी झेंडूला. झेंडूने दिलं फूल, टपकन.
फूल पाट्याला. पाट्याने वाटलं पुरण, खर्र खर्र.
पुरण काकूला. काकूने लाटली चानकी. तव्यावर टाकली, चर्र! वर तूप सोडलं.

या वेळी काकूने चानकी ओट्यावर ठेवली नाही. ठिपकीच्या हातातच दिली.

ठिपकी कुठे बसली खायला? कणगीमागे? छे. गुलब्याच्या अगदी समोर. त्याला दिसेल इतकी जवळ, आणि जीभ पोचणार नाही इतकी लांब.

कुटुर कुटुर. कुटुर कुटुर.

गुलब्या बघतोय. डोळे मोठे. जिभेला पाणी.

"गोड आहे?"

"गोड आहे."

"माझ्या पोळ्यांपेक्षा?"

ठिपकीने विचार केला. आणखी एक घास खाल्ला. "तुझ्या पाच होत्या," ती म्हणाली. "माझी एकच आहे. एकच असली की फार गोड लागते."

गुलब्याने मोठा उसासा टाकला. फुस्स! आणि काकूला म्हणाला, "काकू, पुढच्या पोळ्याला मलाही चानकीच कर."

पोळी गेली पोटात. तूप राहिलं ओठांत. गोष्ट आली तुमच्या कानात.