मेनेगानं राखलेली वेल

फार फार वर्षं झाली. ब्राझीलच्या दक्षिणेला, पाइनच्या रानानं झाकलेल्या एका डोंगरावर इटलीची माणसं बिऱ्हाडं घेऊन चढली. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या हीच त्यांची दौलत. वेल जगली तर आपण जगलो, असं ती म्हणत.

वेली लागल्या. मार्चमध्ये संत योसेफचा सण आला. त्या दिवशी वेल छाटायची ही वाडवडिलांची रीत, म्हणून सगळ्यांनी कात्र्या चालवल्या. इटलीत तेव्हा थंडी सरत असते, इथे ती यायची असते, हे त्या शहाण्यांच्या ध्यानातच आलं नाही! छाटलेल्या वेलींना कोवळे फुटवे आले आणि हिवाळ्यानं ते करपवले. दरवर्षी हेच. अखेर जमीनच शापित ठरली आणि लोक डोंगर सोडायला निघाले.

मेनेगा नावाच्या विधवेच्या दारात तेवढी एक वेल जिवंत होती. पुन्हा तो सण आला, आणि वस्तीचा म्होरक्या बोर्तोलो कात्री घेऊन आला. मेनेगा वेलीला पाठ लावून उभी राहिली.

"काका, रान अजून हिरवंगार आहे. थंडी गेल्याशिवाय हिला हात लावू देणार नाही."

"आणि वेल मेली तर?"

"तर सगळ्यांच्या आधी मी डोंगर उतरेन."

असं म्हणतात, पानं गळेपर्यंत ती तिथून हलली नाही. जेवली तीही उभ्यानंच. मग बर्फ पडलं, वेल वाळक्या दोरीसारखी दिसू लागली आणि बोर्तोलोनं गाडी जुंपायला सांगितली. ऑगस्ट सरता सरता मेनेगानं स्वतः छाटणी केली. कापल्या जागी पाण्याचे थेंब आले. वेल रडते आहे, आता संपली, असं सगळ्यांना वाटलं. मेनेगा मात्र हसली. वेल जागी झाली होती.

असं म्हणतात, आठवडाभरात वेल छपरावर गेली आणि महिन्याभरात तिनं सगळी वस्ती सावलीखाली घेतली. घड इतके लागले की टोपल्या पुरेनात, तेव्हा आयांनी पाळणे रिकामे करून दिले. बोर्तोलोनं जुंपलेली गाडी द्राक्षांनीच भरली. त्या वेलीच्याच काड्या दारोदार लागल्या आणि डोंगरावर शहर उभं राहिलं. काय आनंद झाला असेल त्या बाईला!

आजही तिथे छाटणीचा पहिला काप बाईच घेते. थेंब पडेपर्यंत पुरुष टोप्या काढून गप्प उभे राहतात, मग घंटा वाजतात. आणि संत योसेफच्या दिवशी त्या अख्ख्या शहरात कुणी कात्री उघडत नाही. शिंपी नाही, माळी नाही, न्हावीसुद्धा नाही. त्या दिवशी लग्न असलं, तर नवरदेव वाढल्या केसांनीच चर्चमध्ये जातो.