परत न आलेले रोगी

निंबगडच्या राजाने ठरवलं, की शहरातला दवाखाना आणि खेड्यांत औषधपाणी करणाऱ्या सुइणी यांनी यापुढे एकत्र काम करायचं. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री भर दरबारात उसळले.

"महाराज, मला या बायकांची गरजच काय? माझं औषध नेलेला रोगी पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, इतका गुण येतो!"

राजाने दरबारात आलेल्या हौसा सुइणीकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "खरं आहे, शास्त्रीबुवा. तुमचं औषध नेलेले सात जण आमच्या गावात आहेत. चौघं बरे झाले, म्हणून येत नाहीत. तिघांना अंथरुणातून उठवत नाही, म्हणून येत नाहीत. तुम्हाला इथं बसून दोन्ही सारखेच दिसणार."

शास्त्रीबुवांनी हळू आवाजात विचारलं, "त्या तिघांकडे मला कधी नेशील, हौसाबाई?"