काजळटेकडीच्या पोटातलं तेल

"काजळटेकडीच्या पोटात तेल किती? उद्या नेमका आकडा सांगायचा. एक पळी इकडे नाही, एक पळी तिकडे नाही! चुकलास तर मुंडण करून गाढवावरून धिंड!"

गडगडराव राजांचं हे फर्मान घेऊन गोंदा पाथरवट घरी आला आणि डोक्याला हात लावून बसला. टेकडीच्या कपारीतून काळं भुईतेल पाझरताना त्यानंच पाहिलं होतं, आणि भाबडेपणानं दरबारात सांगितलंही होतं. झालं! राजांनी महालात, तबेल्यात, अगदी कोंबड्यांच्या खुराड्यातसुद्धा दिवे टांगायचा हुकूम सोडला. तेलाचा अजून थेंब हातात नाही आणि कोंबड्यांना रोषणाई!

"ठकू, आकडा कुठनं आणू गं?" गोंदा लेकीला म्हणाला. "खाली तेल तयार व्हायला हवं, वर यायला वाट हवी, साठायला भोकाभोकांचा खडक हवा, नि त्यावर घट्ट झाकण हवं. यातलं एक जरी नसलं, तर विहीर कोरडी ठणठणीत!"

ठकूनं बापाच्या पांढऱ्या शेंडीकडे पाहिलं. धिंडीनंतर हा माणूस गावात तोंड दाखवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आबा, उद्या मी बोलते," ती म्हणाली आणि तिनं परसातल्या वेलावरचं एक कलिंगड तोडून आणलं. दिसायला थोरलं, पण मुद्दाम कच्चं!

दरबारात कलिंगड दिसताच राजांच्या तोंडाला पाणी सुटलं. टिचकी मारून कलिंगड ओळखण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं ते रोज जेवताना ऐकवत.

"आकडा सांगते महाराज," ठकू म्हणाली. "पण आधी सांगा, ह्यात काळ्या बिया किती?"

राजांनी कलिंगड मांडीवर घेतलं, कान लावला, टिचकी मारली. "वा! लालबुंद आहे! बिया कमीत कमी शंभर. बहुतेक दोनशे. फार तर तीनशे!"

"असं नाही चालायचं! एकच आकडा! एक बी इकडे नाही, एक बी तिकडे नाही!"

"अगं शहाणे, न कापता कुणाला कळणार?" राजे खेकसले.

दिवाणजी उगीचच खोकले. आपण काय बोलून बसलो ते राजांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी गुपचूप सुरी मागवली. कलिंगड कापलं, तर आत पांढरंफटक! काळी बी औषधालाही नाही.

"बघा!" ठकू म्हणाली. "तुमचे तिन्ही आकडे पिकलेल्या कलिंगडाचे. पण पिकलंय का, हे विचारायचं राहूनच गेलं! टेकडीचंही तसंच. आधी तेल असायची आशा किती, ते बघायचं. असलंच, तर कमीत कमी किती, बहुतेक किती, फार तर किती. आणि नेमका आकडा? तो खणून, उपसून, रांजणात ओतल्यावर!"

"मग माझ्या कोंबड्या?" राजे रडवेले झाले.

"झोपू द्या की बिचाऱ्यांना!"

राजांना हसू फुटलं. "धिंड रद्द! गोंदा, आधी एक विहीर खणून बघ. आणि पोरी, तुला बक्षीस म्हशी! कमीत कमी एक, बहुतेक दोन, फार तर तीन!"

"छे छे महाराज! म्हशींचा आकडा मात्र नेमका हवा. आणि म्हशी गोठ्यात उभ्या असलेल्या हव्यात, टेकडीखालच्या नकोत!"

राजे इतके हसले, इतके हसले, की गादीवरून घरंगळत खाली आले आणि तिथूनच ओरडले, "अरे, तिन्ही म्हशी सोडा रे हिच्यासाठी!"