सिदोजीचा चौरंग

एक होतं गाव. राजा येईल नंतर, आधी गाव. त्या गावात सिदोजी नावाचा एक दोर वळणारा राहायचा. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे धागे, तो डाव्या पायाच्या अंगठ्यात धरायचा आणि दोन्ही हातांनी पीळ घालायचा. दोर वळण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

मग काय झालं, लढाई लागली. सिदोजी राजाच्या फौजेत गेला. लढाई संपल्यावर तो परत आला, पण डावा पाय गुडघ्यापासून तिकडेच राहिला. जखम भरत होती, अगदी हळूहळू. जखमेला घाई कळत नाही, बरं का.

राजाला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. त्यानं सिदोजीसाठी चंदनाचा चौरंग पाठवला. साधासुधा नाही, जादूचा. घेऊन येणारा कारभारी म्हणाला, "लोक जसजसा मान देतील, तसतसा हा वर चढेल." मग गावानं देवळासमोर निंबाखाली चौरंग मांडला आणि सिदोजीला त्यावर बसवलं.

एके दिवशी सिदोजीला तहान लागली. तांब्या हाताशीच होता. तो वाकला, तर चार जण धावले. "तुम्ही उठू नका, सिदोजीराव." लढाईआधी हेच लोक त्याला सिद्या म्हणायचे. चौरंग हातभर वर चढला. लोकांना केवढा आनंद झाला.

मग एकदा त्यानं कुबडी मागितली. रोज दहा पावलं टाकायची, असं वैद्यबुवांनी सांगितलं होतं. "पडाल हो," लोक म्हणाले. "मग आम्हाला कोण काय म्हणेल?" त्यांनी कुबडीला झेंडूची माळ घातली आणि ती देवळात टांगून ठेवली. चौरंग पुरुषभर वर चढला.

मग त्याला बाळोजीची आठवण आली. बाळोजी त्याच्या शेजारी उभा राहून लढला होता आणि परत आला नव्हता. सिदोजी सांगू लागला, "त्या सकाळी बाळोजी मला म्हणाला..." लोक म्हणाले, "नको त्या आठवणी. आम्ही तुमचा पोवाडा रचलाय, तो ऐका." पोवाड्यात सिदोजीनं शंभर शत्रू मारले होते. बाळोजी त्यात कुठेच नव्हता. चौरंग थेट निंबाच्या शेंड्याला जाऊन टेकला.

सिदोजीचा एक पाय गेला होता आणि चौरंगाचे चारही पाय वाढत होते.

वरून माणसं ज्वारीच्या दाण्याएवढी दिसायची. आवाज पुसट यायचा. आता आणखी एकदा मान मिळाला, की तोही येणार नाही, हे सिदोजीला कळून चुकलं. आणि त्याच संध्याकाळी खुद्द राजा शाल घेऊन येणार होता.

झोपलात का रे दोघं? नाही ना? मग ऐका.

त्या सकाळी त्याची थोरली बहीण भागूअक्का सासरहून आली. तिनं मान वर केली आणि हाक मारली, "काय रे सिद्या, कावळ्यांशी सोयरीक जमवतोयस का?"

सिदोजी कितीतरी दिवसांनी हसला.

"विहिरीचा दोर तुटलाय. बायका नदीवर जाऊन जाऊन दमल्या. दोर वळून दे."

"अहो, त्यांना काम सांगता?" लोक दचकले.

"अक्का, पायाचा तो अंगठाच नाही मला आता," सिदोजी वरून म्हणाला. "वाख धरू कशात?"

अक्कानं पदर खोचला. मग म्हणाली, "टोक मी धरते."

"खुंटीला बांधा की," कुणीतरी सुचवलं.

"खुंटीला पीळ कळत नाही," अक्का म्हणाली. दोर वळणाऱ्याचीच लेक ती.

मग तिनं चिंचा पाडायच्या लांब काठीनं वाख वर पोचवला. सिदोजीनं टोक खाली सोडलं. ते तिनं धरलं. पहिला पीळ पडला आणि चौरंग कुरकुरला. वीतभर खाली आला.

मग सिदोजी वळत राहिला आणि बोलत राहिला. "बाळोजीला भूक सोसायची नाही, अक्का. त्या सकाळी त्यानं माझी अर्धी भाकरी मागितली. मी म्हटलं, संध्याकाळी देतो."

वरचा पीळ सैल पडला, ते अक्काच्या हाताला कळलं. ती टोक घट्ट धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं पीळ पुन्हा आवळला गेला. चौरंग उतरत उतरत छातीएवढा झाला.

संध्याकाळी राजा आला. लोक म्हणाले, "महाराज, आम्ही पुष्कळ मान दिला होता. या बाईनं सगळा उतरवला."

राजानं सिदोजीकडे पाहिलं. "तुला काय देऊ?"

"शाल राहू द्या, महाराज. दुसऱ्या पेडाचं टोक धरायला माणूस हवंय."

राजानं शाल आपल्याच खांद्यावर टाकली, जमिनीवर बसला आणि टोक धरलं. त्याच्या हातातून पीळ सारखा सुटायचा.

"दोर आहे, महाराज. फुलांची माळ नव्हे," अक्का म्हणाली. राजानं निमूट घट्ट धरलं.

दोर पुरा झाला, तेव्हा चौरंग जमिनीवर होता. अक्कानं देवळातून कुबडी आणली, झेंडू काढून टाकला. सिदोजी उठला. एक पाऊल, दोन पावलं, आणि तिसऱ्याला पडला. सगळे धावले. अक्कानं त्यांना आडवा हात केला.

सिदोजी जमिनीवर जरा बसून राहिला. मग म्हणाला, "अक्का, हात दे."

तिनं दिला. मग चौथं पाऊल पडलं.

विहिरीला नवा दोर लागला. सिदोजी कुबडी टेकत रोज बाळोजीच्या आईकडे जायचा आणि आपली भाकरी अर्धी-अर्धी करून तिच्यासोबत खायचा. चौरंगावर आता वाख वाळत घालतात. आणि त्या गावात कुणी जखमी होऊन परत आलं, की लोक आधी विचारतात, "कोणतं टोक धरू?"

झाली गोष्ट. आता ही गोधडी घ्या. एक टोक तू धर, एक टोक तो धरेल. अशी. आता पुरते की नाही दोघांना? मिटा डोळे.