नदीपर्यंतच्या सोळा खुंट्या

नदीच्या अलीकडे, बांबूच्या हिरव्यागार बनाला खेटून एक इवलंसं खोपटं होतं. त्यात रुंजी आणि तिची आई हौसा राहायच्या. हौसा बांबूची सुपं विणायची. काय सुपं, बाई! बाजरीचा बारका दाणा निसटेल तर शपथ. पण दोन वर्षं झाली, तिची पाठ दुखायची. आज दुखली नि उद्या राहिली असं नाही हं, रोज, उठताबसता. वैद्यबुवांनी तपासून सांगितलं होतं, "हाड शाबूत आहे. हालचाल कर, भिऊ नकोस." सांगायला काय जातंय! हौसा भ्यायचीच, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

एक दिवस नदीपलीकडून रुंजीची मावशी आली. फटकळ बाई, पण मायाळू. म्हणाली, "हौसे, तुला तुझंच होत नाही, पोरीचं कसं करशील? पाडव्याला मी नदीवर येईन. तू चालत काठापर्यंत आलीस तर पोर तुझी. नाहीतर मी तिला घेऊन जाणार."

रुंजी ताडकन उठली. "आईला सोडून? मी नाही जायची!" ती म्हणाली, आणि कोयती घेऊन तरातरा बांबूच्या बनात गेली. सुपांसाठी बांबू तर आणायलाच हवा होता.

वाटेत एक गोजिरवाणा कोंब नुकता वर आला होता. घाईत कुणीही तुडवला असता. रुंजीने मात्र वळसा घातला, पायात दोन काटे भरले तरी घातला. तोच कोंबाच्या टोकावर रुपेरी चमचम झाली, आणि बघते तर काय, तिथे अंगठ्याएवढी परी! पोपटी झगा, दवाचे इवले पंख, कपाळावर मोरपंखी टिकली.

"माझं घर वाचवलंस, राणी. माग काय मागायचं ते," परी म्हणाली. "पण एक नियम आहे. अर्धं काम माझं, अर्धं तुमचं."

"आईचं दुखणं घालवून टाक!"

परी खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. "समूळ घालवणं मला नाही जमायचं ग. जुनं दुखणं हट्टी असतं. पण त्याला लहान करता येतं." तिने खोपट्यापासून नदीकाठापर्यंत पुरतील अशा बांबूच्या सोळा खुंट्या दिल्या. "आईने रोज खुंटीपर्यंत चालायचं आणि परत यायचं. तीन दिवसांनी पुढची खुंटी रोवायची. बऱ्या दिवशी जास्त करायचं नाही, आणि वाईट दिवशी अगदीच पडून राहायचं नाही. नियम पाळला तर खुंट्या सोनेरी लुकलुकतील. मोडला तर विझतील."

पहिल्या दिवशी हौसा "आई ग, आई ग" करत गेली नि आली. खुंटी लुकलुकली! रुंजीने गरम वाळूच्या पुरचुंडीने तिची पाठ शेकली. अशा सहा खुंट्या झाल्या.

आणि मग उजाडला एक बरा दिवस. हौसाला कसं हलकं हलकं वाटलं. ती विणायला बसली. बांबूच्या भिजवलेल्या पातळ कामट्या सुकल्या की कडकन मोडतात, म्हणून सूप पुरं केल्याशिवाय उठायचं नाही ही सासूपासूनची रीत. एक झालं, दुसरं झालं. "अंगात बळ आलंय, होऊन जाऊ दे!" म्हणत चार झाली, पाचवं अर्धं झालं आणि पाठ धरली. दुसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळवेना. सहाच्या सहा खुंट्या विझल्या.

"माझ्याच्याने नाही व्हायचं," हौसा रडली. रुंजीही रडली. रडू येतं तेव्हा रडावं, त्यात काय! मग तिने नाक पुसलं, जुन्या लुगड्याचा तुकडा पाण्यात बुडवला आणि अर्ध्या सुपाच्या कामट्या त्यात गुंडाळल्या.

"आता नाही सुकणार. अर्ध्यातून उठायचं, उद्या पुन्हा बसायचं."

"अर्धं सूप ठेवायचं? माझ्या सासूने बघितलं असतं तर!"

"सासू नाही बघत, मी बघतेय. चल, पहिली खुंटी!"

पुन्हा पहिलीपासून. कधी रडत, कधी गाणी म्हणत. विणताना मध्येच उठून, पाय मोकळे करून. पाडव्याच्या आधी सोळावी खुंटी नदीकाठी रोवली गेली.

आणि नेमकी पाडव्याला सकाळीच पाठ ठणकली! परी भुर्रकन आली. "आजच्यापुरतं दुखणं उचलून नेऊ? पण उद्या दुप्पट परत येईल हं."

रुंजीने आईकडे पाहिलं. हौसाने मान हलवली. "नको ग बाई. मला उद्याही चालायचंय."

ती निघाली. खुंटी आली की थांबायची, तीन लांब श्वास घ्यायची, पुढे जायची. मागे एकेक खुंटी लुकलुकत होती. काठावर मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. घामाघूम हौसा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दुखतंय, आक्का. पण आले."

"आलीस की ग!" मावशीने तिला मिठीच मारली. "पोर तुझीच, माझी बाई!"

परी खुदकन हसली, गिरकी घेतली, आणि गुलाबी, पोपटी, सोनेरी उजेडात विरघळून गेली. सोळाही खुंट्यांना चिमुकली पानं फुटली.

मावशी मात्र हळूच दगडावर टेकली. गुडघा चोळत, इकडेतिकडे बघत म्हणाली, "काय ग रुंजे, गुडघ्याला किती खुंट्या लागतात?"

रुंजीने एक काटकी उचलली आणि मावशीपासून चार पावलांवर रोवली.

"आधी एकच."