अकरा मानकरी आणि एक आमटी

“आमटी गोड झाली आहे!” भर पंगतीत महिपतराव महाराजांनी वाटी ताटाबाहेर सारली.

“फारच गोड!” सेनापती म्हणाले.

“आमटी कसली? पाक आहे, पाक!” कारभारी म्हणाले. मग उरलेल्या नऊ मानकऱ्यांनीही एकेक भुरका मारून तोंडं वाकडी केली. सोनवडीच्या राजवाड्यात रीतच तशी होती. पहिला घास महाराजांचा, पहिला शब्दही महाराजांचा. नंतर मानकऱ्यांनी बोलायचं, आणि बोलायचं तेही तेच!

विसोबा आचारी हात जोडून पुढे आला. वीस वर्षं राजवाड्याची आमटी त्याच्याच हातची. “महाराज, गूळ रोजच्याइतकाच आहे. सुपारीएवढा खडा. कणभरही जास्त नाही.”

“म्हणजे आम्ही खोटं बोलतो? पंधरा दिवस हा पाक गिळतोय आम्ही! अकरा मानकरी आणि बारावे आम्ही. बारा जिभा एकीकडे आणि तू एकटा एकीकडे! उद्याच्या पंगतीपर्यंत आमटी बिघडलेली नाही हे सिद्ध कर. नाहीतर चंबूगबाळं आवर आणि वेशीबाहेर हो!”

आता चव कशी सिद्ध करायची? तराजूत घालून की गजानं मोजून? बिचारा विसोबा मुदपाकखान्यात येऊन मटकन खाली बसला. त्याची मुलगी द्वारका तिथं पाट्यावर मसाला वाटत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि पळीभर आमटी तळहातावर घेऊन चाखली.

“बाबा, आमटी झकास आहे.”

“अगं, पण सगळे गोड म्हणाले!”

“सगळे कुठं म्हणाले? महाराज म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.”

दुसऱ्या दिवशी पाटरांगोळी व्हायच्या आत द्वारका महाराजांसमोर उभी राहिली. “महाराज, बाबांच्या बाजूनं अकरा साक्षीदार आणलेत.”

“कोण ते?”

“तुमचेच मानकरी! फक्त एक अट आहे. आज आधी ते चाखतील. एकेकटे, पडद्याआड. महाराजांनी तोवर चाखायचं नाही आणि बोलायचंही नाही.”

“आमच्याआधी? अशक्य! या घराण्यात असं कधी झालं नाही!”

“महाराजांना भीती वाटत असेल तर राहू दे.”

“भीती? आणि आम्हाला? मांडा वाट्या!”

प्रत्येक मानकऱ्याला वेगळ्या पडद्याआड बसवलं. प्रत्येकापुढे एकसारख्या तीन वाट्या, तीन चिंचोके आणि चूळ भरायला पाण्याचा तांब्या. द्वारकानं महाराजांना हळूच सांगितलं, “दोन वाट्यांत बाबांची रोजची आमटी आहे. तिसरीत मी मूठभर गूळ जास्त टाकलाय. ती वाटी प्रत्येकाकडे वेगळ्या जागी ठेवलीय.” मग मोठ्यानं म्हणाली, “जी जी आमटी गोड लागेल तिच्यापुढे एक चिंचोका ठेवा. तिन्ही गोड लागल्या तर तिन्हींपुढे ठेवा. दोन वाट्यांच्या मध्ये चूळ भरा, आणि कुणाशी बोलू नका.”

सेनापतींनी पडदा किलकिला केला. “पोरी, महाराजांना कुठली गोड लागली?”

“महाराजांनी अजून चाखलीच नाही.”

तीन लढाया मारलेल्या सेनापतींना दरदरून घाम फुटला! कारभारी शेजारच्या पडद्यात डोकावू लागले, तशी द्वारका दोघांच्या मध्ये पळी घेऊन उभी राहिली. शेवटी नाइलाजानं सगळ्यांनी आपापली जीभ वापरली.

पडदे वर गेले. दहा जणांनी एकेकच चिंचोका ठेवला होता, आणि तो बरोबर मूठभर गुळाच्या वाटीपुढे. जिवबा इनामदारांनी एकही ठेवला नव्हता, कारण त्यांना सर्दी झाली होती. विसोबाच्या आमटीपुढे मात्र एकाचाही चिंचोका नव्हता!

मानकरी जमिनीकडे बघू लागले. महाराज लालबुंद झाले. “म्हणजे आमची जीभ खोटी? वाढा ती आमटी!”

पाटावर बसून त्यांनी चांदीच्या ताटलीतले दोन आवळे कराकरा चावले, बिया टाकल्या आणि आमटीचा भुरका मारला. “गोड! आत्ताही गोडच!”

विसोबानं पुन्हा हात जोडले. आता पुढचा शब्द बोलायचा म्हणजे महाराजांनाच खोटं पाडायचं. द्वारका मात्र आवळ्याच्या बियांकडे टक लावून बघत होती.

“महाराज, हे आवळे कधीपासून?”

“राजवैद्यांनी सांगितलेत. जेवणाआधी दोन. आज पंधरा दिवस झाले. पण त्यांचा आमटीशी काय संबंध?”

द्वारका तशीच परसात धावली, विहिरीतून ताजं पाणी शेंदलं आणि भरलेला तांब्या महाराजांपुढे धरला. “महाराज, आधी आणखी एक आवळा चावा. मग घोटभर पाणी प्या आणि कसं लागतं ते सांगा.”

महाराजांनी आवळा चावला, पाण्याचा घोट घेतला. भुवया वर चढल्या. त्यांनी दुसरा घोट घेतला. “गोड आहे!”

“फारच गोड!” अकरा मानकरी एका सुरात म्हणाले. पाण्याला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

द्वारकानं पदर खोचला. “मग महाराज, बाबांच्या आधी ही विहीर वेशीबाहेर काढा! तिनंही गूळ घालायला सुरुवात केलीय!”

आवळ्यानं गोड झालेलं तोंड कोरं करण्यासाठी महाराजांनी खळखळून चुळा भरल्या, शिळ्या भाकरीचा कोरडा तुकडा मागवून चावला आणि पुन्हा आमटी तोंडाला लावली. वाटी रिकामी झाली. दुसरीही झाली. तिसऱ्या वाटीला त्यांना असं हसू फुटलं की आमटीचे शिंतोडे थेट सेनापतींच्या पागोट्यावर!

“विसोबा, तुझी आमटी खरी आणि तुझी लेक त्याहून खरी!” हातातलं सोन्याचं कडं उतरवून त्यांनी विसोबाला दिलं. “पोरी, आजपासून या राजवाड्याची चवपारखी तू. बोल, तुला काय देऊ?”

“महाराज, उद्यापासून पंगतीत तुम्ही सगळ्यांत शेवटी बोलायचं.”

“दिलं!” महाराज डोळे पुसत, हसत हसतच वळले. “हं सेनापती, उद्या सुरुवात तुमच्यापासून!”

सेनापतींनी शेजारच्या इनामदारांना कोपर मारून हळूच विचारलं, “काय हो, ही सर्दी तुम्हाला झाली तरी कशी?”