वानगीविना फुटलेला भाव

एका राज्यात ऋतूंना भाव होता आणि भावांना ऋतू होता. वैशाखात आंबा यायचा, ज्येष्ठात जांभूळ, श्रावणात दोडकी-पडवळ, आश्विनात सीताफळ, पौषात बोरं आणि पावटा. प्रत्येक मालाची पहिली पाटी सोन्याच्या मोलाने जायची. मग गाड्यांमागून गाड्या लागत, बाजार ओसंडून वाही आणि तोच माल मातीमोल होऊन गुरांपुढे पडे. सरता सरता तो पुन्हा महाग होई, आणि एके दिवशी दिसेनासा होई. लोक कुरकुरत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याचीच वाट पाहत.

हे भाव हैबती नावाचा माणूस फोडी. राजधानीच्या चौकात तो दगडी ओट्यावर बसे. मळेकरी माल घेऊन येई. हैबती आधी वानगी घेई, म्हणजे ढिगातलं एक फळ किंवा एक शेंग चाखून पाही. मग दोघांच्या हातांवर तांबडा रुमाल पडे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे. बाहेर कोणाला काही दिसत नसे. ओरडा नाही, गयावया नाही. हात सुटले की भाव फुटला, आणि फुटलेला भाव राजालाही बदलता येत नसे. भाव फोडायचा रिवाज एवढाच होता : आधी वानगी, मग रुमाल. तीस वर्षं हैबतीने तो पाळला. एकदाच चुकला.

त्याचं असं झालं. राजा धवलसेनाच्या राणीला दिवस गेले होते. माघात तिला डोहाळा लागला सीताफळाचा. स्वारांनी सात परगणे पालथे घातले, पण माघात सीताफळ कुठून मिळणार? फाल्गुनात राणी आजारी पडली आणि पोटातल्या जिवासकट गेली. वैद्य म्हणाले, ज्वर होता. राजा म्हणाला, सीताफळ नव्हतं.

चैत्र शुद्ध अष्टमीला सकाळी दरबारात करालक नावाचा मांत्रिक आला. त्याच्या हाताला सहा बोटं होती आणि काखेत एक झाकलेली पाटी. त्याने झाकण काढलं. आत आंबा, सीताफळ, बोरं आणि ओला पावटा शेजारी शेजारी होता.

"बाराही महिने, सगळं काही, एका भावात. शेराला एक दमडी," करालक म्हणाला. "तुमच्या राज्यात 'आता हंगाम नाही' हे कोणी कोणाला पुन्हा सांगणार नाही."

"मोबदला?" राजाने विचारलं.

"चालू वर्ष तेवढं माझ्या हवाली करा."

राजाने हैबतीकडे पाहिलं. हैबतीचा हात वानगीसाठी पाटीकडे गेला. तेवढ्यात राजा म्हणाला, "हैबती, चाखत काय बसतोस? ती असती तर..." पुढे त्याला बोलवेना. हैबतीची बायको जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. राजाच्या डोळ्यांत पाहायचं त्याला धैर्य झालं नाही. त्याने हात मागे घेतला आणि रुमाल पसरला. रुमालाखाली सहा बोटांचा थंडगार हात त्याच्या हातात आला. भाव फुटला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, पण तिथी अष्टमीच राहिली. तिसऱ्या दिवशीही अष्टमी. चंद्र अर्धाच उगवे आणि अर्धाच मावळे. बाजारात मात्र करालकाच्या पाट्यांची रांग लागली. लोकांनी पहिले आठ दिवस सण केला. नवव्या दिवशी एक म्हातारा आंबा चोखता चोखता थांबला आणि म्हणाला, "अरे, हे कापूस चोखल्यासारखं का लागतंय?" सगळ्यांनाच तसं लागत होतं. फळांत चव नव्हती आणि बीही नव्हतं. दमडीच्या मालापुढे मळेकऱ्यांचा माल कोण घेणार? मळे ओस पडले, मोटा वाळल्या.

हैबतीच्या घरी त्याची एकुलती एक लेक केतकी होती. जावई दूरच्या मुलखात व्यापाराला गेला होता आणि ती बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला आठवा महिना होता. तो सरेना. महिनाच सरत नव्हता तर नववा लागणार कसा? शंभर सकाळी झाल्या, पाचशे झाल्या, हजार झाल्या. पोर पोटात हले, पण वाढेना. केतकी मात्र झिजत चालली. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

"आबा," ती एकदा म्हणाली, "भाव तुम्हीच फोडलात ना?"

"होय गं."

"मग तुम्हीच मोडा. मला राग नाही. पण आता माझ्यानं फार दिवस होणार नाही."

हैबती उठला तो थेट वेशीबाहेरच्या रानात गेला. जुन्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीशी एक धनेश पक्षी बसला होता. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं आणि मधल्या फटीतून एक चोच बाहेर आली होती. धनेश त्या चोचीत फळ घालत होता.

"चव नाही म्हणून ती रोज भांडते," धनेश हैबतीला म्हणाला. "अंडी उबवायला आत बसली, दार लिंपून घेतलं. अंडी फुटेनात, तिला बाहेर येता येईना. हजार दिवस झाले. भावकऱ्या, तुला उशिरा सुचलं."

"उपाय सांग."

"करालकाची माया तुझ्याच रिवाजावर उभी आहे, रिवाजानंच पडेल. वानगी न घेता फुटलेला भाव तोच हात, त्याच रुमालाखाली, वानगी ठेवून मोडू शकतो; मात्र मोडणाऱ्याला समोरच्याचं एक मागणं पुरं करावं लागतं. तीन वानग्या आण. एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची, एक पावसाळ्याची. खऱ्या हंगामाच्या."

"हंगाम उरलाच नाही, तर वानगी कुठली?"

"बाजारात नाही उरला," धनेश म्हणाला. "लोकांच्या घरात बघ. माणसं साठवतात."

हैबती घरोघर फिरला. बहुतेक बरण्या केव्हाच चाटून पुसून झाल्या होत्या. शेवटी कुंभारवाड्यात शिदू नावाच्या कुंभाराकडे उन्हाळा सापडला. त्याच्या मेलेल्या बायकोने घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी होती आणि तळाशी एकच फोड.

"ही देणार नाही," शिदू म्हणाला. "झाकण काढून वास घेतो नुसता."

हैबती परत फिरला नाही. तो उंबऱ्यावर बसून राहिला. 

"तुमची लेक कशी आहे?" शिदूने विचारलं.

"बांगड्या राहत नाहीत हातात."

शिदूने बरणी पुढे केली. "न्या. पण आधी कोपरा चाखा माझ्यासमोर. सांगा, तिच्या हाताची चव अजून आहे का. माझी जीभ धजत नाही."

हैबतीने नखाएवढा कोपरा तोडून जिभेवर ठेवला. हजार दिवसांनी त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आहे," तो म्हणाला. "मीठ जरा जास्त झालंय."

शिदू हसला आणि हसता हसता त्याने तोंडावर उपरणं धरलं. "नेहमीच व्हायचं. बोललो की म्हणायची, मग तुम्ही घाला लोणचं."

हिवाळा साळूबाईच्या झोपडीत होता. तिचा पावट्याचा मळा एकेकाळी नावाजलेला होता. आता आढ्याला एक सुका भोपळा टांगला होता आणि त्यात राखेत घोळून पावट्याचं बी ठेवलं होतं.

"या, भावकरी," साळूबाई म्हणाली. "वाट चुकलात? की माझ्या म्हातारीचाही भाव फोडायला आलात?"

"बी मागायला आलोय. मूठभर."

"ऐटीत मागताय! पौषात माझ्या पंधरा पाट्या आल्या की तुमची दोन बोटं दाबली जायची, आणि मी रिकाम्या पाट्या घेऊन घरी. मार्गशीर्षात पाव पाटी आली की मात्र सगळी बोटं दाबायचात. मार्गशीर्षात पंधरा पाट्या कुठून आणू, असं विचारायला तोंड उघडायची सोय नव्हती. वर तो रुमाल!"

"भाव माल बघून फुटतो, साळूबाई."

"मग मालही बघा एकदा, पाटीत येण्याआधीचा. ते खुरपं घ्या. उगवतीपासून मावळतीपर्यंत मळा खुरपा. मग बी देते."

मळ्यात काही उगवणार नव्हतं. तरी हैबतीने उगवतीला खुरपं घेतलं. दुपारी हाताला फोड आले, तिसऱ्या प्रहरी फुटले. साळूबाई बांधावर बसून चुका काढत होती. मावळतीला तिने त्याच्या पदरात मूठभर बी टाकलं आणि फोडांना लावायला एरंडेल दिलं. "वाकडं खुरपता," ती म्हणाली, "पण खुरपलंत."

पावसाळा राजवाड्यात होता. धवलसेन दिवसभर राणीच्या महालात बसे. त्याच्या हाताखाली एक चांदीचा करंडा असे. राणी जाण्याआधीच्या कार्तिकात दोघांनी बागेत बसून पावसावर पोसलेलं, हंगामातलं शेवटचं सीताफळ खाल्लं होतं. त्याच्या काळ्याभोर बिया राणीने हौसेने करंड्यात ठेवल्या होत्या.

हैबतीने सगळं सांगितलं. 

"हैबती," राजा म्हणाला, "तिला जाऊन किती दिवस झाले?"

"सकाळी मोजल्या तर हजारावर, महाराज."

"तिथीनं मोज. अजून महिनाही नाही. अजून तिच्या उशीला तेलाचा वास आहे. वर्ष पुढे सरकलं की ती जुनी होईल. लोक तिला गेलेली राणी म्हणतील. मग कैलासवासी म्हणतील. मग काहीच म्हणणार नाहीत. मला फळं नको होती. मला ही अष्टमीच बरी वाटते."

हैबतीला ते कळलं. बायको गेली त्या वर्षी त्यानेही घरातला एक कोनाडा तसाच ठेवला होता. पुढे कोळिष्टकं धरली, तेव्हा तो त्यानेच झाडला.

"महाराज, माझी लेक हजार दिवस पोटातलं पोर वागवते आहे. आपण एक बाळ गमावलंत. दुसरं आपल्या हातानं अडवलंय."

राजाचा चेहरा पांढरा पडला. तो ओरडेल असं हैबतीला वाटलं. राजाने करंडा उघडला, बिया तळहातावर घेतल्या, मोजल्या. अकरा होत्या. एक त्याने परत करंड्यात टाकली आणि दहा हैबतीला दिल्या. मग त्याने तोंड भिंतीकडे केलं.

सकाळी चौकात करालक आपल्या पाट्यांमध्ये बसला होता. हैबतीने ओट्यावर तीन वानग्या मांडल्या : लोणच्याची फोड, पावट्याचं बी, सीताफळाच्या बिया. लोक गोळा झाले.

"हजार दिवसांमागे वानगी राहिली होती," हैबती म्हणाला. "माझी ही. तुझ्या मालातून याच्या जोडीची चव दाखव, असं एक बी दाखव. नाहीतर भाव मोडतो."

करालकाने पाटीतली फळं एकामागून एक फोडली. बी निघालं नाही. तो शांतपणे म्हणाला, "सौदा मोडणाऱ्यानं समोरच्याचं एक मागणं पुरं करायचं. हाही तुमचाच रिवाज."

"माग."

दोघांच्या हातांवर तांबडा रुमाल पडला. करालक हैबतीच्या कानाशी लागला. "वर्ष थांबवलं म्हणून माझं मरण टळलं. पण हजार दिवस मीही माझंच फळ खातो आहे. तुझ्या जिभेची चव मला दे. सगळी, कायमची."

हैबतीने क्षणभर डोळे मिटले. भाव फोडणाऱ्याची जीभ म्हणजे त्याचं शेत, त्याची मोट. मग रुमालाखाली त्याने पाचही बोटं दाबली.

हात सुटले. करालकाने ओट्यावरची लोणच्याची फोड उचलून तोंडात टाकली. तो सावकाश चावत राहिला. त्याचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, दात ओट्यावर पडले. "मीठ जास्त आहे," तो समाधानाने म्हणाला, आणि त्याच्या जागी नुसती कफनी उरली. पाट्यांमधल्या मालाची काळी माती झाली.

दुसऱ्या दिवशी नवमी उजाडली. लोक दारात येऊन एकमेकांना सांगत होते, "आज नवमी. आज नवमी बरं का." रानातल्या ढोलीत अंडी फुटली. दार आतून फोडून मादी बाहेर आली, तेव्हा तिला उडता येत नव्हतं. धनेश तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिला. वैशाखाच्या अखेरीस केतकी बाळंत झाली. मुलगी झाली. केतकी वाचली, पण तिचा रंग आणि ताकद पूर्वीसारखी पुन्हा कधी आली नाही. फाल्गुनात राणीचं वर्षश्राद्ध झालं. राजाने पिंडाजवळ काहीतरी काळं, इवलंसं ठेवलं. ते काय होतं हे कोणी विचारलं नाही.

पुढल्या वैशाखात चौकात आंब्याची पहिली पाटी आली. लोक जमले, भाव ऐकायच्या आधीच महाग म्हणून कुरकुरले. हैबतीने वानगीची फोड घेतली आणि शेजारी बसलेल्या केतकीच्या हातात दिली. तिच्या मांडीवरची पोर त्या फोडीवर झडप घालत होती.

"काय म्हणते?" हैबतीने विचारलं.

केतकीने चाखलं. "आंबट आहे, आबा. आठ दिवस आढीत हवा होता."

"आंबट कसला?" मळेकरी म्हणाला. "बाईसाहेब, पहिला माल आहे!"

"पहिला आहे आणि आंबटही आहे," केतकी म्हणाली.

हैबतीने मान डोलावली, रुमाल पसरला आणि मळेकऱ्याचा हात हातात घेतला.

जे पिकतं ते त्या राज्यात सरतं, आणि जे सरतं त्याची लोक वाट पाहतात. तुमच्या दारीही प्रत्येक फळ आपल्या वेळेला येवो, आणि जायची वेळ झाली की त्याला जाऊ देण्याचं बळ तुम्हाला मिळो.